सिस्टर, तुमचं डोकं चांगलं आहे

या वेळचं पत्र सांगलीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘मी मिरजेला एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. वय ३१. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, आठ वर्षांचा अनुभव आहे. जर्मनीला नोकरीसाठी जायचं म्हणून मोबाइलवर ॲप घेऊन जर्मन शिकायला लागले. ॲप इंग्रजीतून आहे, माझं इंग्रजी बेताचं. रोज दहा मिनिटं, बसमध्ये नाहीतर जेवणाच्या सुट्टीत. २१२ दिवस एकही खाडा केला नाही. मागच्या महिन्यात पुण्याला एका क्लासमध्ये तोंडी चाचणी दिली. मॅडमनी नाव विचारलं, सांगितलं. मग काय काम करता असं विचारलं. प्रश्न कळला, पण तोंडातून शब्द निघेना. घाम फुटला. त्यांनी अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं. सात महिने फुकट गेले का? या वयात माझं डोकं चालत नाही का? ड्यूटीमुळे रोज क्लासला जाणं शक्य नाही. घरी सासूबाई म्हणतात, सारखं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते. सोडून देऊ का?’

प्रिय सिस्टर,

पत्राखाली तुम्ही नाव घातलेलं नाही, म्हणून वॉर्डात जी हाक येते तीच मी मारते. जर्मनीतले पेशंटही नर्सला ‘श्वेस्टर’ म्हणत आलेत, म्हणजे बहीणच. २०२० पासून तिथल्या कायद्यानं पदाचं नाव बदललं, आता कागदावर ‘फ्लेगेफाखफ्राउ’ असतं, पण म्हाताऱ्या पेशंटांच्या तोंडी अजून श्वेस्टर ऐकू येतं. तेव्हा त्या देशाशी तुमचं नातं आधीच जुळलेलं आहे.

सोडू नका. सात महिने फुकट गेलेले नाहीत. नुसता धीर देऊन भागायचं नाही, म्हणून हिशेब मांडते.

रोज १० मिनिटं, २१२ दिवस. झाली २,१२० मिनिटं, म्हणजे जेमतेम ३५ तास. गोएथे इन्स्टिट्यूट, ज्याला आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात, ते शिकवण्याचा हिशेब ४५ मिनिटांच्या तासिकांमध्ये करतं. ए१ ही सगळ्यात खालची पायरी गाठायला ८० ते २०० तासिका लागतात असं ते सांगतात. तुमच्या झाल्या ४७. सांगलीहून निघालेली बस विश्रामबागला पोचली असताना ‘अजून मिरज कसं आलं नाही’ म्हणून तुम्ही रडताय. बस ठीक आहे, ड्रायव्हरही ठीक आहे.

आता पुढचा हिशेब, तो जरा जड आहे. नर्स म्हणून पूर्ण मान्यतेनं काम करायला तिथे साधारणपणे बी२ पातळी लागते. ए१, ए२, बी१ आणि मग बी२, म्हणजे चौथी पायरी. त्यासाठी ६०० ते ८०० तासिका. रोज दहा मिनिटांच्या चालीनं नुसत्या ६०० तासिकांनाच २,७०० दिवस लागतील, सात वर्षांहून जास्त. ॲपमध्ये दिवसांचा आकडा ठळक दिसतो, मिनिटांची बेरीज कुठे दिसत नाही. सात महिने तुम्ही इतक्या निष्ठेनं एक आकडा जपलात आणि तो तुम्हाला हवं ते मोजतच नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोड्या थोड्या वेळात भाषा शिकता येते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तीस वर्षं मी जर्मन शिकवते आहे आणि माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांजवळ तुकड्यातुकड्यांचाच वेळ असायचा. पण त्या तुकड्यांत काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं वाक्य हे : ‘प्रश्न कळला, पण तोंडातून शब्द निघेना.’ जीएनएमच्या पहिल्या वर्षी ट्यूटर मॅडमनी शीर कशी शोधायची, सुई कोणत्या कोनात धरायची हे दाखवलं असेल. तुम्ही दहादा बघितलं असेल, विचारलं तर पायऱ्या घडाघडा सांगितल्या असत्या. आणि पहिल्यांदा खऱ्या पेशंटचा हात हातात घेतला तेव्हा? बघून ओळखणं आणि स्वतःच्या हातानं करणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. चार पर्यायांतून बरोबर शब्दावर बोट ठेवणं ही पहिली विद्या. ती तुम्हाला आली, म्हणून तर मॅडमचा प्रश्न कळला. दुसरीचा सराव तुम्हाला कुणी दिलाच नव्हता.

म्हणून उद्यापासून एवढंच करून बघा. बसमध्ये ॲप उघडलं, प्रश्न आला, की खालच्या पर्यायांवर डावा अंगठा आडवा ठेवा. प्रश्न वाचा. उत्तर तोंडानं म्हणा, ओठ हलवून, आवाज काढून. मग अंगठा उचला. पहिल्या दिवशी दहातले दोन येतील आणि दहा मिनिटांत पूर्वीच्या निम्मेच प्रश्न होतील. होऊ द्यात. आठवण्याची ती जी ओढाताण असते ना, शब्द जिभेवर येऊन अडतो ती, शिकणं नेमकं तिथेच होत असतं. लोक बघतील म्हणून बसमध्ये बोलायला लाज वाटत असेल तर फोन कानाला लावा आणि बोला. फोनवर बोलणाऱ्या बाईकडे आपल्या बसमध्ये कुणी वळूनही बघत नाही.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात तळमळीनं सांगायचंय ते. तुम्ही मराठीतून जर्मन शिका. ॲप इंग्रजीतून असलं तरी मनात इंग्रजी आणू नका. आपलं इंग्रजी बेताचं आहे म्हणून जर्मन जमणार नाही, या भीतीनं मी कितीतरी हुशार मुलींना माघारी जाताना पाहिलंय. खरं तर मराठी माणसाला जर्मनमध्ये काही वाटा आयत्या मिळतात.

तुमच्याच वॉर्डातली वाक्यं घ्या. पेशंट म्हणतो, मला थंडी वाजतेय, मला मळमळतंय, मला चक्कर येतेय. जर्मनमध्ये : मीर इस्ट काल्ट, मीर इस्ट श्लेश्ट, मीर इस्ट श्विंडलिश. ‘मीर’ म्हणजे ‘मला’. तीनही वाक्यं ‘मला’नं सुरू होतात, अगदी आपल्यासारखी. इंग्रजीतून गेलात तर तिथे ‘मी थंड आहे’ अशी रचना असते, तीच उचलून तुम्ही ‘इश बिन काल्ट’ म्हणाल आणि समोरचा गोंधळेल. ‘मला’ आणि ‘मी’ यांतला फरक तुम्ही दोन वर्षांच्या असल्यापासून जाणता. तो पुन्हा शिकायला इंग्रजीच्या दारात कशाला जायचं?

तसंच कारण सांगतानाचं. वाइल इश क्रांक बिन. शब्दाला शब्द लावा : कारण मी आजारी आहे. ‘बिन’ म्हणजे ‘आहे’, आणि ते शेवटी. अशा पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं हा नियम इंग्रजीतून येणाऱ्यांना महिनोन्‌महिने छळतो. तुम्ही मराठी वाक्य मनात धरा, शब्द आपोआप जागेवर बसतील. सरळ साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तेवढं वेगळं घोटावं लागेल.

आकडेही तसेच. अडतीस म्हणताना आपण आधी आठ म्हणतो, मग तीस. जर्मनमध्ये आख्ट-उंट-ड्रायसिश, आठ-आणि-तीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता, आठवत असेल. जर्मनीतही आकडे सरळ क्रमानं म्हणावेत असा आग्रह धरणारी एक संघटना आहे, तिचं नावच ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे वीस-एक! नर्ससाठी आकडे जिवाचे असतात, म्हणून यांचा सराव भरपूर करा. तुम्ही चार्टवर ताप १०१ लिहिता, तिथे सेल्सिअसमध्ये ३८.३ लिहितील आणि ‘आख्ट-उंट-ड्रायसिश कॉमा ड्राय’ म्हणतील. बीपी १२० बाय ८० तिथे ‘हुंडर्टत्स्वान्त्सिश त्सू आख्त्सिश’ होतं. रोज वॉर्डात बीपी घेताना आकडा मनातल्या मनात जर्मनमध्ये म्हणा. याला मोबाइलसुद्धा लागत नाही.

शिवाय नामाआधी लागणारे डेर, डी, दास. सगळे याला घाबरतात. हे आपले तो, ती, ते. हिंदीत ‘ते’ नाही, इंग्रजीत दगडाला लिंगच नाही, आपल्याकडे मात्र तिन्ही आहेत. गोळी ती, डी टाब्लेट्टे. जखम ती, डी वुंडे. पाणी ते, दास वासर. औषध ते, दास मेडिकामेंट. चमचा तो, डेर ल्योफेल. अर्थात सगळीकडे असं जुळत नाही. ताप आपल्याकडे तो, पण फीबर दास. उशी ती, पण किस्सेन दास. हात तो, पण हांट डी. म्हणून शब्दांचे दोन गठ्ठे करा, जुळणारे आणि न जुळणारे. पहिल्या गठ्ठ्यावर वेळ घालवायचा नाही, मेहनत सगळी दुसऱ्यावर. मुलीला जर्मनमध्ये ‘दास मेडशेन’ म्हणतात याचं सगळ्यांना नवल वाटतं. ‘शेन’ लागलं की वस्तू लहान होते आणि लहान झाली की ‘दास’ होते. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू म्हणून बघा. आपणही लहानग्यांना ‘ते’च म्हणतो की.

उच्चाराबद्दल थोडंसं. जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘त्स’, म्हणजे ‘चोर’ आणि ‘चांगला’ यांतला च. तो तुम्हाला येतोच. अवघड आहे तो ‘यू’वर दोन टिंबांचा स्वर. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा, ‘ऊ’ म्हणताना करतो तसा. आरशासमोर दोन दिवसांत येतो.

मग कानाची आणि तोंडाची परीक्षा मोबाइललाच घेऊ द्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जर्मन भाषा जोडा, माइकचं बटण दाबा आणि ‘हाबेन झी श्मेर्त्सेन?’ असं विचारा. तुम्हाला दुखतंय का? वाक्य नीट उमटलं तर उच्चार पुष्कळसा बरोबर. भलतंच काही उमटलं तर पुन्हा म्हणा. माझ्या लेखी सबंध मोबाइलमध्ये यापेक्षा उपयोगी शिक्षक नाही. तो कंटाळत नाही, आणि त्याच्यासमोर घाम फुटत नाही.

आता दिवस कसा लावायचा ते बघू. रोज नवे धडे पुढे ढकलत राहू नका. सकाळी आठ वाक्यं निवडा, तुमच्या कामाची. काल रात्री झोप लागली का? कुठे दुखतंय? मी तुमचं बीपी बघते. ड्रेसिंग बदलायचंय. ही आठ वाक्यं सकाळी कणीक मळताना ऐका, जाताना बसमध्ये अंगठा ठेवून म्हणा, जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं न बघता आठवा, येताना बसमध्ये पुन्हा. एकाच वाक्याची दिवसात चार वेळा गाठ पडली पाहिजे, मग दुसऱ्या दिवशी एकदा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. विसरायला लागलं की आठवायचं, हे त्यातलं इंगित. झेबास्टियान लाइटनर या लेखकानं १९७२ मध्ये पाच कप्प्यांच्या पेटीची युक्ती सांगितली होती. एका कागदावर एक शब्द. आला तर कागद पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्या कप्प्यात, आणि पुढचे कप्पे उशिरा उशिरा उघडायचे. अँकीसारखी कार्डांची ॲप आज हेच काम आकडेमोड करून करतात. त्यात स्वतःची कार्डं स्वतः बनवा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन आणि आवाज. दुसऱ्यांनी बनवलेली हजार कार्डं उतरवून घेण्यापेक्षा तुमच्या वॉर्डातली ऐंशी बरी, कारण प्रत्येक कार्डामागे तुम्हाला एक पेशंट आठवेल.

ऐकण्यासाठी ‘डॉयचे वेले’ या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत अभ्यासक्रम घ्या. ए१ पासून बी१ पर्यंत आहे, छोट्या छोट्या व्हिडिओंचा, बसच्या वेळात बसणारा.

नाइट ड्यूटी असेल त्या आठवड्यात नवं काही घेऊ नका. जुनं ऐका आणि झोपा. शिकलेलं झोपेतच मुरतं, हे काही मी नव्यानं सांगायला नको. आणि खाडा पडला तर पडू द्या. ॲपमधला तो आकडा शून्यावर गेला म्हणून तुमच्या डोक्यातला एक शब्दही पुसला जात नाही.

पण एक गोष्ट मोबाइलवर आणि बसमध्ये होणारच नाही. गोएथेच्या बी२ परीक्षेत वाचनाला ६५ मिनिटं, ऐकण्याला ४०, लेखनाला ७५ आणि बोलण्याला साधारण १५ मिनिटं असतात, आणि प्रत्येक भागात शंभरात ६० लागतात. ज्या माणसानं दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी जर्मन लिहिलं नाही, त्याला पाऊण तासानंतर शब्द सुचत नाहीत. म्हणून आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी एक दीड तासाची बैठक ठरवून टाका. वही, पेन, टेबल. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आठवडाभरातली वाक्यं वापरून हँडओव्हर लिहा : कोणत्या बेडवर कोण, रात्री काय झालं, काय दिलं. सुरुवातीला पाच ओळी झाल्या तरी पुरे. व्याकरणाचं जे काही न कळलेलं असेल ते याच बैठकीत सोडवा, बसमध्ये व्याकरणाशी झटू नका.

दिवसभरातले हे सगळे तुकडे मिळून रोजची ४० मिनिटं धरा, ती सहा दिवस आणि सुट्टीच्या दिवशी ९०, असे आठवड्याला साडेपाच तास झाले. या चालीनं ६०० ते ८०० तासिकांना दीड ते दोन वर्षं लागतात. ‘सहा महिन्यांत बी२’ असं सांगून कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. नोकरी सोडून दिवसभर क्लास करणाऱ्यालाही ते कठीण जातं. ए१ झालं की मात्र आठवड्यातून दोनदा संध्याकाळचा ऑनलाइन क्लास लावाच, ज्यात समोर माणूस असेल आणि तुम्हाला बोलावं लागेल. ड्यूटीमुळे रोज जमत नाही हे मला मान्य आहे, पण दोन दिवस तरी सुपरिंटेंडेंट मॅडमशी बोलून ठरवून घ्या. तुमच्या वॉर्डात अजून एखादी जर्मनच्या मागे लागलेली असणार, तिला शोधा. मिरज-सांगलीत अशा मुली आता पुष्कळ आहेत.

ज्या प्रश्नानं तुमचा घाम काढला तो असा असणार : वास झिंट झी फोन बेरूफ? आजच्या आठ वाक्यांत याचं उत्तर पहिलं घाला. इश बिन क्रांकेनश्वेस्टर. मी नर्स आहे. मग त्याला जोडा : आठ वर्षांपासून, झाइट आख्ट यारेन. एवढं दिवसातून दहा वेळा म्हणा. पुढच्या वेळी कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडातून निघालं पाहिजे.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांना घरात एक बाई खाली मान घालून स्क्रीनवर बोट फिरवताना दिसते, ती शिकतेय हे त्यांना कळणार कसं? त्यांना तुमच्या पेशंट करा. रात्री भांडी आवरली की दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. त्यांनी मराठीत तक्रार सांगायची, तुम्ही तीच जर्मनमध्ये म्हणायची आणि पुढचा प्रश्न जर्मनमध्ये विचारायचा. ‘वो टूट एस वे?’ कुठे दुखतंय? पहिले दोन दिवस त्या हसतील, तिसऱ्या दिवशी स्वतःहून कण्हत येतील. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला की म्हणा, दास क्नी. सुरुवातीचा ‘क’ स्पष्ट उच्चारा. आणि आपला गुडघा ‘तो’, त्यांचा ‘दास’. तेव्हा हे कार्ड न जुळणाऱ्यांच्या गठ्ठ्यात टाका.